आबा जिवंत असताना मी जपानी होतो

मी दहा-बारा वर्षं जपानी होतो. जन्म एरंडोल तालुक्यातल्या एका खेड्यात, शाळा गावातच, तीही सातवीपर्यंत. आमच्या घरातून सगळ्यात लांब गेलेला माणूस म्हणजे माझे काका. ते सुरतेला कामाला गेले आणि तिथलं वरण गोड लागतं म्हणून महिनाभरात परत आले. अशा घरातून जपानी निघणं तसं अवघडच होतं, पण निघाला. अकोला, अमरावती, खंडवा, कुठल्याही भिंतीवर माझं पोस्टर असायचं. डोक्याचा गोटा, बारीक डोळे, कमरेवर हात, आणि खाली लिहिलेलं 'टोकियोचा माजी चॅम्पियन'. पुढे काही वर्षांनी आमच्या कुस्ती कंपनीच्या मालकाने त्यात 'बुजुर्ग' हा शब्द घातला. तेव्हा माझी तिशी नुकतीच उलटली होती. मी तक्रार केली तर म्हणाला, "बुजुर्ग म्हटलं की हरल्यावर लोक कमी शिव्या देतात, पहिलवान. तुझ्याच भल्याचं आहे."

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ऐंशीच्या दशकात फ्री स्टाईल कुस्तीच्या कंपन्या गावोगाव फिरायच्या. लाकडी फळ्यांची रिंग, चार बाजूंनी दोर, तिकीट लावून खेळ. त्यात परदेशी पहिलवान लागत आणि परदेश फार लांब होता. आमच्या कंपनीतला रशियन हरियाणाचा होता. तुर्की भुसावळचा, रेल्वेत टिकला नाही म्हणून आलेला. जपानी होता तो दार्जिलिंगकडचा, पण त्याने अमरावतीत लग्न केलं आणि खेळ सोडला. त्यामुळे कंपनीत जपानची जागा रिकामी होती.

मी तेव्हा लाल मातीतला पहिलवान होतो. जत्रेच्या दंगलीत नारळापासून सुरुवात करून पितळी हंड्यापर्यंत पोचलेला. मालकाने मला पद्मालयाकडच्या एका जत्रेत पाहिलं. मी चांगल्या जोडीदाराला ढाक मारून चीत केलं होतं, डफ वाजत होता, लोक टोप्या उडवत होते. मला वाटलं, हा माणूस आपल्या डावाबद्दल काही बोलेल. तो जवळ आला आणि म्हणाला, "जरा उन्हाकडे बघ." मी बघितलं. आमच्या घराण्यात डोळे मुळातच बारीक, त्यात ऊन. "अस्सल," तो म्हणाला. "फक्त डोकं आणि मिशी काढायची."

घोडं अडलं ते इथे. आमच्याकडे डोकं आणि मिशी काढायचा एकच प्रसंग असतो. बाप गेला की पोरगा दोन्ही काढतो. गावात एखादा गडी गोटा करून, बिनमिशीचा दिसला की कोणी काही विचारत नाही, आधी हात जोडतात. जळगावला कॉलेजातली पोरं तेव्हा मिश्या काढू लागली होती, नाही असं नाही, पण त्यांचे बाप शहरातले होते आणि त्यांना सवय झाली होती. माझे वडील खेड्यातले होते आणि चांगले धडधाकट होते.

त्यांना सगळा तालुका आबा म्हणायचा, मीही आबाच म्हणायचो. गावच्या तालमीचे वस्ताद. त्यांची पाठ तालुक्यात कोणी मातीला लावली नव्हती, असं सांगत. आणि कुस्ती सोडल्यावर त्यांना एक निराळाच मान मिळाला होता. जत्रेतल्या कुस्तीत पाठ लागली की नाही यावर भांडण झालं, की आबांना बोलवायचे. ते मातीत वाकून बघायचे, खालून बोटं सरकवून बघायचे, आणि एकच शब्द बोलायचे. 'लागनी' म्हणाले की लागली. 'नही' म्हणाले की पुन्हा उठा आणि लढा. सख्ख्या भावाला त्यांनी अशीच भर जत्रेत 'लागनी' सांगितली होती. काका त्यानंतर सुरतेला गेले. घरातले कामाचं कारण सांगतात.

मी मालकाला म्हणालो, "माझे वडील जिवंत आहेत."

"आनंद आहे," मालक म्हणाला. "पण तिकीट काढणारा जपान्याच्या बापाची चौकशी करत नाही."

घरच्या कापसावर दोन भाऊ आधीच होते. तिसऱ्याला त्या शेतात काम नव्हतं, नुसती बसायला जागा होती. मी जळगावला एसटी स्टँडजवळच्या न्हाव्याकडे गेलो. डोकं आणि मिशी दोन्ही, असं सांगितल्याबरोबर त्याने कात्री खाली ठेवली. रेडिओ बंद केला. वस्तरा लावता लावता हळूच म्हणाला, "वडील का?"

"हो," मी म्हणालो. वडिलांशी संबंध होताच.

"वय काय होतं?"

"साठीच्या आतबाहेर."

"आजारी होते?"

"नाही, तब्येत चांगली आहे."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. दुःखाने माणसाचं होतं असं, अशा समजुतीने त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पैसेही घेईना. बाहेर पडताना डोक्याला वारा लागला आणि मला खरोखरच पोरकं वाटलं. घरी आबा त्या वेळी बहुतेक जेवत असतील.

पहिला हंगाम संपल्यावर मी गावी गेलो. आता वाटतं, पत्र पाठवून आधी सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? सकाळची एसटी होती. फाट्यावर उतरलो तर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी समोरून आली. माझं डोकं बघून तिने भारा तिथेच टाकला. "आबा गयात वं माय!" म्हणत ती गावाकडे पळाली. त्या वयात ती पळू शकते हे तिलाही माहीत नसावं. मी मागून ओरडत होतो, पण ओरडत मागे पळणारा गोटा केलेला मुलगा बघून लोकांची खात्रीच होत गेली.

मी घरी पोचलो तेव्हा अंगण भरलं होतं. आमच्याकडे कोणी गेलं की लोक दारावर येतात, बायका पदर तोंडाला लावून रडत रडत येतात. त्या आल्या होत्या. मध्ये आई बसली होती. आबा सकाळी भाकरी खाऊन शेतात गेल्याचं तिला पक्कं ठाऊक होतं. पण गावाने एवढा गळा काढल्यावर घरच्या बाईने कोरडं बसायचं कसं? तीही रडत होती. मी म्हणालो, "माय, आबाले काही झायं नही." शेजारीण म्हणाली, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्याला पाणी द्या.

मग आबा आले. खांद्यावर विळा, डोक्यावर चारा. अंगणातली गर्दी पाहून त्यांनी चारा गोठ्याशी ठेवला, पायातलं काढलं, चेहरा प्रसंगाला साजेसा केला आणि पुरुषमंडळींत येऊन बसले. मग आबांनी शेजारच्या म्हाताऱ्याला हळू आवाजात विचारलं, "कोन गयं?"

म्हातारा अवघडला. म्हणाला, "तुम्हीच, आबा."

आबांनी एक-एक चेहरा बघत नजर फिरवली. ती माझ्या डोक्यावर येऊन थांबली. एवढ्यात शेजारून खिचडी आली. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारचे करून आणतात, आणि आमच्या गावात कोणी कशात मागे राहायचं नाही. आता केलेलं अन्न परत कसं पाठवायचं? सगळ्यांनी खाल्लं. आबांनी दोनदा घेतलं. हात धुऊन आल्यावर ते माझ्यापुढे उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी जित्ता शे तोवर हाई डोकं मना दारमा नको."

मी काय करतो, कुठे असतो, हे त्यांनी विचारलं नाही. मी संध्याकाळच्या एसटीने परत गेलो. फार वाईट वाटलं. त्यांचं चुकलं नव्हतं हे कळत होतं, म्हणून जास्तच.

तेव्हापासून ठरून गेलं. पावसाळ्यात खेळ बंद असत, त्या दिवसांत मी डोक्यावर केस आणि ओठावर मिशी उगवू द्यायचो. मिशी दाखवण्यासारखी झाली की गावी जायचो, पोळ्याला बैल धुवायचो, आईच्या हातचं खायचो. दसरा झाला की कंपनीचा निरोप यायचा. डोकं मात्र जळगावातच काढायचो, त्याच न्हाव्याकडे. दुसऱ्या वर्षी त्याने विचारलं, "आता कोण?" मी म्हणालो, तेच. त्यानंतर तो पैसे घेऊ लागला.

कामाचं म्हणाल, तर जपानी हा दुष्ट असतो. हे मालकाने पहिल्याच दिवशी समजावलं. त्याने वाकून नमस्कार करायचा आणि समोरचा वाकला की त्याला लाथ घालायची. लंगोटात मिठाची पुडी ठेवायची आणि पंचाचं लक्ष नसताना ते मीठ डोळ्यांत फेकायचं. मराठी-हिंदी बोलायचं नाही. लोकांनी छळलं की मी आमच्या अहिराणीत आडवंतिडवं बोलायचो. अकोल्यापलीकडे ते जपानी म्हणून सहज खपत असे. आणि शेवटी हरायचं. रोज. देशी पहिलवानाने डोक्यावर उचलून आपटायचं, खांदे फळीला टेकायचे, पंचाने तीनपर्यंत मोजायचं, लोकांनी नाचायचं.

पडायला मला रशियनने शिकवलं. फार चांगला माणूस. म्हणायचा, "भाई, जीतना तो कोई भी सीख ले." पाठ सगळी एकदम टेकवायची, हात पसरून फळीवर मारायचे म्हणजे आवाज मोठा होतो आणि मार वाटला जातो. हनुवटी छातीला लावून ठेवायची. ज्या पोराला लहानपणापासून एकच शिकवलंय की काय वाट्टेल ते होवो, पाठ टेकू द्यायची नाही, त्याला हे शिकायला वेळ लागतो. पहिले काही महिने मी पडता पडता हवेतच वळायचो आणि तोंडावर आपटायचो. मालक कपाळाला हात लावायचा.

लोक अजून विचारतात, ते सगळं खोटंच होतं ना? मला या प्रश्नाचा राग येतो. जपानी खोटा होता. फळी खरी होती. मीठही खरं होतं, एकदा वारा फिरला आणि ते माझ्याच डोळ्यांत गेलं. पुढे नव्वदनंतर घराघरांत केबल आली, खरेखुरे परदेशी पहिलवान लोकांना फुकटात दिसू लागले आणि आमचा धंदा बसला. शेवटच्या खेळाला लोकांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. मी मिशी ठेवली आणि जळगावच्या एका डाळ मिलमध्ये पोती उचलायला लागलो. पोतं पडू द्यायचं नसतं, एवढाच काय तो फरक.

पण केबल यायच्या आधी, मी नुकताच बुजुर्ग झालो होतो तेव्हा, मालकाने खान्देशचा दौरा ठरवला. तोवर तो आमचा भाग टाळायचा, कारण माझं बिंग फुटेल अशी भीती. पण विदर्भात त्या वर्षी खेळ चालले नाहीत. पहिला खेळ धुळ्याला होता.

धुळ्याला मला वेगळाच त्रास झाला. ज्यांनी खेळ ठेवला होता त्यांनी आम्हाला दुपारी जेवायला घरी नेलं. सगळ्यांना भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. मला दूधभात आणि वर साखर, कारण जपानी माणसाला तिखट सोसणार नाही. समोर भरिताचं पातेलं आणि मी साखर चावतोय. घरातली आजी दारात बसून मला न्याहाळत होती. सुनेला म्हणाली, "बिचाराना मायले कसं करमत व्हई वं!" मला सगळं कळत होतं. मी मान खाली घालून भात खात राहिलो, कारण वर बघितलं असतं तर डोळे पुसावे लागले असते.

संध्याकाळच्या खेळात घोळ झाला. आमच्या कुस्तीत अशी पद्धत होती की मध्येच एकदा देशी पहिलवानाला पाडायचं, म्हणजे लोकांचा जीव वर-खाली होतो. आमचा देशी पहिलवान साताऱ्याकडचा, दिसायला देखणा. मी त्याला ठरल्याप्रमाणे पाडलं. पंच मोजायला वाकला आणि धुळ्याचे लोक उठले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. पाठ लागली म्हणजे लागली. मोजायचं काय त्यात? माती बघत वाढलेली माणसं ती. बघता बघता शे-दोनशे लोक रिंगमध्ये. डफ कुठून आला कोण जाणे. मला खांद्यावर घेतलं, माझ्या गोट्यावर फेटा बांधला, नारळ दिला. एका पुढाऱ्याने भाषण केलं की पाहुणा एवढ्या लांबून आला आणि धुळेकरांच्या देखत जिंकला, याचं दुःख असलं तरी आपण मानाला चुकणार नाही. देखणा बिचारा खाली मान घालून उभा होता. मी वाकून नमस्कार केला आणि सवयीने त्याला लाथ घालणार होतो, पण आवरलं.

मालक रात्रभर तळमळला. सकाळी त्याने नियम केला की खान्देशात कोणाचीही पाठ शेवटाआधी फळीला लागता कामा नये. एकदाच लागायची आणि ती जपान्याची.

त्यानंतरचा खेळ एरंडोलला, मार्केट यार्डात, दुपारचा. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. पहिल्या रांगेत खुर्चीवर आबा बसले होते. खेळ ठेवणाऱ्यांनी तालुक्यातल्या जुन्या वस्तादांना मानाने बोलावलं होतं, आणि आखाड्याचा नारळ फोडायला आबांशिवाय दुसरं कोण सापडणार? स्वच्छ धोतर, टोपी, मिशीला तेल. मागे आमचं अर्धं गाव. आबा रिंगजवळ आले, चपला काढल्या, सवयीने वाकून हात लावला आणि बोटं बघितली. "माती कोठे शे?" त्यांनी विचारलं. कोणीतरी सांगितलं की या कुस्तीत माती नसते. त्यांनी तरीही ती बोटं कपाळाला लावली.

मी मालकाला सांगितलं, मी उतरत नाही. माझं डोकं त्या दिवशी सकाळीच ताजं काढलेलं. आबांच्या तोंडावर, सगळ्या तालुक्यासमोर, ते जिवंत समोर बसलेले असताना मी हे डोकं घेऊन जायचं आणि वर पाठ टेकवून पडून दाखवायचं? ज्या माणसाने पाठीसाठी सख्ख्या भावाला सोडलं नाही, तो मला पुन्हा पोळ्यालाही उभं करणार नव्हता. वर्षातून एकदा मिळणारं घर जाणार होतं. मालक म्हणाला, "लोकांनी जपानी बघायला तिकीट काढलंय." रशियन म्हणाला, आज तुझ्याऐवजी मी जपानी बनतो. तो सहा फुटांहून उंच होता आणि त्याचे डोळे घारे होते. त्याचं मन मोठं, एवढाच त्याचा अर्थ. शेवटी तुर्क्याने आपल्या पेटीतून खोटी मिशी काढून दिली. त्याची स्वतःची पातळ होती म्हणून तो वरून लावायचा. मी ती लावली. डोक्याचं काही करता येणार नव्हतं, पण निदान मिशी तरी असू दे, असं वाटलं.

मिशीवाला जपानी बघून लोक जरा गोंधळले. मी वाकलो तो आबांच्या बाजूला पाठ करून. मग आमची झटापट झाली, देखण्याने मला मानेत धरलं, आणि सुटलो तेव्हा मिशी त्याच्या छातीला चिकटली होती. आधी हसू फुटलं. मग आमच्या गावच्या बाजूने एक आवाज आला, "आबा, हाऊ तं तुमना आंडोर!" म्हणजे हा तर तुमचाच मुलगा.

"माले दिखस," आबा म्हणाले.

यार्डात एकदम शांतता झाली. देखण्याला अहिराणी कळत नव्हती. त्याला वाटलं लोक शेवटाची वाट बघताहेत. मालकाचा नियम त्याच्या डोक्यात होता. त्याने मला उचललं आणि आपटलं. मी रीतसर पडलो, पाठ सगळी, हात पसरून. पंचाने एक-दोन-तीन मोजलं. लोक उठले, टोप्या वर गेल्या, "चीत! चीत!" झालं.

आबा उभे राहिले. "नही," ते म्हणाले. "पाठ लागनी नही."

टोप्या खाली आल्या. मी तिथे पडल्या पडल्या ऐकत होतो, आणि माझी पाठ मानेपासून कमरेपर्यंत फळीला टेकलेली होती, तिला घाम सुटला होता. आंधळ्यालाही दिसलं असतं. पण आबांचा शब्द होता. सगळा तालुका मुकाट खाली बसला. पंच मुंबईचा, तो वाद घालायला लागला, तर मागच्या रांगेतून त्याला सांगण्यात आलं की तू गप्प बस. कुस्ती पुढे सुरू.

देखण्याने मला पुन्हा आपटलं. "नही." लोकांनी माना डोलावल्या, नाही म्हणजे नाही. पुन्हा आपटलं. "नही." देखणा घाबरला. माझ्या कानाशी म्हणाला, "गड्या, आता काय करू?" मालक रिंगखालून हात जोडत होता. आबांचा आवाज प्रत्येक वेळी थोडा खाली येत होता. आयुष्यात त्यांनी खोटा निकाल दिला नव्हता, आणि आता एकामागून एक देत होते, तेही माझ्यासाठी, माझं डोकं असं असताना. मला ते बघवेना. पाठीपेक्षा ते जास्त दुखत होतं.

मी उठून दोराशी गेलो. जपान्याने बोलायचं नसतं, पण आता तिथे जपानी कोण उरला होता?

"आबा," मी म्हणालो, "लागनी."

"माले शिकाडू नको."

"आबा, पडनं हाईच मनं काम शे. मी चांगला पडस. तुम्ही देखा तरी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग डोक्याकडे, मग खांद्यांकडे, पाठीकडे, जसे ते तालमीत नव्या पोराला बघायचे. मग खुर्चीवर बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

मी देखण्याला खूण केली. त्याने मला डोक्यावर घेतलं, आणि मी त्या दिवशी जे पडलो तसा ना आधी कधी पडलो ना नंतर. हनुवटी छातीला, पाठ सगळी एकदम, हात दोन्हीकडे. यार्डाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आबा उठले, रिंगजवळ आले, दोराखालून हात घालून माझ्या खालून बोटं सरकवायला गेले. बोट शिरलं नाही.

"लागनी," ते मोठ्याने म्हणाले.

मग डफ वाजला, देखण्याला फेटा बांधला गेला, सगळं यथासांग झालं. मी मागे आमच्या मेटाडोरशी येऊन बसलो. थोड्या वेळाने आबा आले. माझ्या पाठीवरून हात फिरवला, मणका मणका दाबून बघितला. "दुखस का?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "चाल घर."

मी डोक्याकडे बोट दाखवलं. त्यांचा शब्द होता आणि तो मोडायला मीच सांगू शकत नव्हतो.

"मी जित्ता शे," आबा म्हणाले, "हाई आज बठ्ठा तालुकानी देखं. चाल."

एसटीत आम्ही शेजारी बसलो. दहा वर्षं रोज आपटून घेताना मी रडलो नव्हतो, त्या दिवशी खिडकीकडे तोंड करून रडलो. आबांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. फाट्यावर उतरून आम्ही गावाकडे निघालो. ते पुढे, मी मागे, डोकं उघडं. समोरून कोणी आलं की माझं डोकं बघून त्याचे हात जोडले जायचे. तो काही बोलायच्या आत आबा त्याला थांबवायचे. "हाऊ मना आंडोर," ते सांगायचे. "जपानी शे."